झाडाला कान फुटले

बाबांनी ढेकूळ उचललं, नेम धरला आणि आंब्याच्या खोडावर हाणलं. पाखरू उडालं. उडताना कुणीतरी कर्कश हसावं तसं ओरडलं, पाठीवरचं सोनं उन्हात एकदा चमकलं आणि विहिरीपलीकडच्या निंबावर जाऊन बसलं. दोन मिनिटांत परत तिथंच. टक् टक्. मग मान तिरपी करून गप्प. परत टक्.

"या बेट्यानंच झाड खाऊन टाकलं आपलं," बाबा म्हणाले. "पाह्य, केवढं भोसकं पाडलं त्यानं."

भोसकं खरंच होतं. जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर, गाडग्याच्या तोंडासारखं गोल, कडा अगदी सफाईदार. आमच्या धुऱ्यावरचा हा शेंद्र्या आंबा आजोबांच्याही आधीचा. मोर्शीकडून आमच्या गावाच्या फाट्यावर वळलं की संत्र्याच्या बागांच्या वर तो एकटाच डोकं काढून उभा दिसायचा. गेली चार-पाच वर्षं मात्र एक बाजू वाळत चालली होती, आणि वाळत्या बाजूवर हा सोनपाठी सुतार रोज सकाळी हजर. आरोपी हत्यारासकट जागेवर सापडलेला. आणखी पुरावा तो कोणता हवा?

मला पक्ष्यांचा नाद आहे. अमरावतीत नोकरी, रविवारी गाव, गळ्यात दुर्बीण आणि खिशात वही. त्यामुळे पाखराचं वकीलपत्र आपोआप माझ्याकडे आलं. "बाबा, तो झाड खात नाही. मुंगळे खातो, अळ्या खातो," असं सांगून पाहिलं. बाबांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की शिकलेल्या पोरांचं हे असंच असते.

मग एका रविवारी ढेकळाच्या नेमाकडे न बघता मी ढोलीच्या खाली पाहिलं. तिथून हातभर खाली, खोडाच्या उत्तरेकडच्या अंगाला, काहीतरी आडवं फुटलं होतं. घोड्याच्या टापेएवढं, वरून काळं आणि भेगाळलेलं, कडेला मात्र शेंगदाण्याच्या फोलपटासारखा मऊ तपकिरी काठ. बोटानं दाबलं तर लाकडासारखं टणक. त्यावर चिमणीएवढं काहीही बसलं असतं तरी हललं नसतं. मी आईला विचारलं. ती म्हणाली, "ते होय? ते लय दिसापासून हाय. झाडाले कान फुटले."

एवढंच. आमच्या गावात त्याला दुसरं नाव नव्हतं. पावसाळ्यात उगवणाऱ्या छत्रीला नाव आहे, वारुळाशेजारी उगवणाऱ्या खायच्या अळंबीला झाडीपट्टीत सात्या म्हणतात, आणि कोकणात फणसाच्या खोडावरच्या अशाच कडक अळंबीला फणसोंबा म्हणतात, तो उगाळून पोरांना तोंड आल्यावर लावतात. आमच्याकडे नुसता कान. ना खायच्या कामाचा, ना लावायच्या. ज्याचा उपयोग नाही त्याचं बारसं कोण करतो?

कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका मित्राला फोटो दाखवला. तो म्हणाला, फेलिनस गटातली दिसते, खोडाचा गाभा खाणारी बुरशी, आणि खरा आरोपी तुझ्या दुर्बिणीत कधी येणारच नव्हता.

त्या रात्री मी वहीच्या पानाला मधोमध रेघ मारली. डावीकडे सोनपाठी सुतार, उजवीकडे कान. म्हटलं, दोघांची तुलना मांडू, बाबांना दाखवू. डावी बाजू दहा मिनिटांत भरली. लांबी 26 ते 29 सेंटिमीटर. पायाची दोन बोटं पुढे, दोन मागे. शेपटीची पिसं ताठ, तिच्यावर भार देऊन बसतो. जीभ इतकी लांब की तिची हाडं कवटीला मागून वळसा घालून पुढे येतात. उजवी बाजू पहिल्याच ओळीला अडली.

लांबी? टापेएवढा कान म्हणजे ती बुरशी नव्हेच. तो तिचा आंबा, म्हणजे फळ. झाड आत आहे, लाकडातल्या धाग्यांचं, डोळ्याला न दिसणारं, खोडात किती वर गेलंय आणि किती खाली ते बाहेरून सांगता येत नाही. आंब्याची लांबी मोजून आमराईचा सातबारा लिहायचा असला प्रकार.

संख्या? पक्षी मोजणारा माणूस 'एक जोडी' लिहून मोकळा होतो. इथं एक म्हणजे कुठून कुठपर्यंत?

नर-मादी या ओळीला तर मी हसलो. सोनपाठीचं सोपं आहे: नराचा अख्खा माथा लाल, मादीच्या कपाळावर काळ्यात पांढरे ठिपके आणि लाल फक्त मागच्या तुऱ्याला. बुरशीचं उत्तर शोधायला मी आमच्याच बागेतल्या एका छोट्या जातीपाशी पोचलो. संत्रा तोडून झाला की आम्ही सल काढतो, म्हणजे वाळलेल्या फांद्या छाटतो. त्या सलीचा ढीग धुऱ्यावर पावसात पडून राहिला की तिच्यावर नखाएवढे राखाडी, केसाळ पंखे उगवतात. खालच्या बाजूच्या पट्ट्या मधोमध चिरलेल्या. ऊन पडलं की त्या मिटतात, महिनोन्‌महिने वाळून पडतात, आणि पाण्याचा शिंतोडा आला की पुन्हा उघडतात. हा स्किझोफायलम. त्याच्यात लग्न जमण्याचे प्रकार वीस हजारांहून जास्त आहेत. आमच्याकडच्या मध्यस्थांनी ऐकलं तर पागोटं काढून ठेवतील.

पिल्लं: डावीकडे लिहिलं, अंडी तीन, पांढरी. उजवीकडे गॅनोडर्मा या दुसऱ्या एका लाकूड खाणाऱ्या बुरशीचा हिशेब. आमच्या बांधावरच्या एका म्हाताऱ्या बाभळीच्या बुडाशी तसला एक आहे, व्हार्निश मारल्यासारखा चकचकीत, आणि त्याच्याखालच्या गवतावर तपकिरीसारखी भुकटी पडलेली असते. लहानपणी आम्ही ती आजीची तपकीर म्हणून एकमेकांच्या नाकाला लावायचो. गॅनोडर्माची एक मोठी जात हंगामात दिवसाला 30 अब्जांच्या घरात बीजाणू सोडते. तीन आणि तीस अब्ज. तीन अंड्यांसाठी एक जोडपं अख्खा उन्हाळा ढोलीशी जागतं. तीस अब्जांपैकी एखादाच कुठल्यातरी ओल्या जखमेवर पडतो आणि बाकीचे आजीची तपकीर होतात.

जखमेवर. इथं माझा हात थांबला.

1989 सालची होळी. मी सहावीत. वर्गातल्या पोरींनी शेणाच्या चाकोल्यांच्या माळा केल्या होत्या आणि पोरांच्या वाट्याला लाकूड आलं होतं. लाकूड चोरूनच आणायचं असतं, विकत आणलेल्या लाकडाच्या होळीला अर्थ नाही, असा आमचा सिद्धांत. दुसऱ्याच्या वावरातलं तोडलं तर मार बसेल, म्हणून मी माझ्या मित्रांना आमच्याच आंब्याकडे नेलं. मांडीएवढी फांदी. कुऱ्हाड बोथट. वरून अर्धी तोडली आणि चौघं लोंबकळलो. फांदी मोडली ती सरळ नाही, खोडाची साल सोलत, हातभर चिंधी ओढत खाली आली. आत ओलं पिवळट लाकूड दिसत होतं. होळी मस्त पेटली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी मला बडवलं आणि मग शिडी लावून त्या जागेवर शेण-मातीचा लेप दिला. दोन्ही कामं त्यांनी मनापासून केली. पण लेपाचा उपयोग नव्हता. अ‍ॅलेक्स शिगो नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं हजारो झाडं करवतीनं उभी-आडवी चिरून पाहिली, आणि त्याचं म्हणणं असं की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येतच नाही. झाड ती आतून भिंती घालून बंद करतं आणि बाहेर नवं लाकूड चढवत पुढे जातं. वरून लावलेल्या लेपानं कूज थांबत नाही. फांदी बुडाशी असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेरून स्वच्छ कापली तर झाडाला भिंत घालायला सोपं जातं. आम्ही मात्र ते कडंच सोलून नेलं होतं.

वहीतल्या उजव्या रकान्यात 'प्रवेश' अशी एक ओळ मी वाढवली आणि समोर साल घातलं, 1989. नेमकं त्याच जखमेतून ती शिरली याची शपथ कोण घेईल? पण ढोली तिथंच होती, आणि कान तिच्या हातभर खाली.

बाबांना हे सांगायचं धैर्य झालं नाही. मी वाढईकाकांना सांगितलं. आमच्याकडे सुताराला वाढई म्हणतात. काकांनी आमच्या घराच्या चौकटी, तिफन, बंडीची चाकं, सगळं केलेलं. आता ट्रॅक्टर आल्यावर देव्हारे आणि पाळणे करतात. ते आंब्यापाशी आले, कुऱ्हाड उलटी धरली आणि तुंब्यानं खोडावर ठोकत खालून वर गेले. ठक्, ठक्, ठक्, आणि ढोलीच्या खाली दोन हातांवर आवाज बदलला. डब.

"पोकय," ते म्हणाले. "अन्‌ तुझं पाखरू हेच करते लेका. त्याले सुतार कायले म्हणतेत, मले समजत नाही. त्यानं कुठं रंधा मारला? ते गिऱ्हाईक हाय. बाजारात बाई मडकं वाजवून पाह्यते ना, तसं. आतलं काम आधीच कोणी करून ठेवलं."

एवढं वाचन करून मी जिथं पोचलो होतो, तिथं काका कुऱ्हाड उलटी करून पोचले. जिवंत झाडाचा गाभा म्हणजे मुळात मेलेलंच लाकूड, झाडाचा जीव वरच्या कोवळ्या थरात. गाभा टणक असेल तर पक्ष्याला पोखरणं जड जातं. बुरशीनं तो मऊ केला आणि बाहेरची भिंत तशीच शाबूत राहिली, तर पक्ष्याला तयार घर मिळतं: आत ऊबदार, बाहेर पक्कं. मोठे सुतार पक्षी नेमकी अशीच झाडं शोधतात. पण काकांच्या मडक्याच्या उपमेत एक गोष्ट बसत नाही. अमेरिकेत जिवंत पाइनमध्ये ढोली करणारा एक सुतार आहे, त्याला एक ढोली पुरी करायला वर्षं लागतात. तिथल्या संशोधकांनी निरोगी पाइनच्या खोडांत स्वतः भोकं पाडली, काहींवर जाळी बसवली, काही पक्ष्यांना मोकळी ठेवली. 26 महिन्यांनी पाहिलं, तर मोकळ्या भोकांतल्या बुरशा खऱ्या ढोल्यांतल्यासारख्या झाल्या होत्या, जाळीतल्या नाहीत. 2016 साली हे प्रसिद्ध झालं. म्हणजे ते पाखरू चोचीला आणि पिसांना बुरशी लावून हिंडतं. मडकं वाजवणाऱ्या बाईच्या हातालाच माती लागलेली.

तर बाबांचा आरोप अगदीच खोटा नव्हता म्हणायचं. मी वकीलपत्र घेतलं तेव्हा हे मला माहीत नव्हतं.

जाता जाता पाखराच्या डोक्याबद्दल. एवढं ठोकून त्याचा मेंदू कसा हादरत नाही, कवटीत गादीसारखं स्पंज असतं, असं आम्ही शाळेत मुलांना छातीठोक सांगायचो. 2022 साली अँटवर्प विद्यापीठाच्या मंडळींनी अतिवेगवान कॅमेऱ्यानं पाहिलं, तर गादी वगैरे काही नाही. डोकं ताठ हातोड्यासारखंच चालतं. हातोड्याला गादी लावली तर खिळा ठोकणार कसा? मेंदूच एवढा लहान की त्या झटक्यानं त्याला इजा होत नाही. हे वाढईकाकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मंग?" जणू हे सांगायला कॅमेरा कशाला.

काकांनीच मला ओल-सुक्याचं गणित सांगितलं. लाकूड कायम सुकं ठेवा, शंभर वर्षं टिकते. कायम पाण्यात ठेवा, तरी टिकते. आमच्या विहिरीच्या तळाला जांभळाचं कडं आहे, ते विहिरीएवढंच जुनं. पण ओलं-सुकं, ओलं-सुकं झालं की गेलं. कुंपणाचा खांब म्हणूनच वर सडत नाही, खाली सडत नाही, जमिनीलगत सडतो. बुरशीला पाणीही लागतं आणि हवाही. लाकडात वीस टक्क्यांच्या खाली ओल असली तर तिचं चालत नाही, आणि पाण्यात बुडवलं तर तिचा श्वास कोंडतो.

यावरून मला वणीचा कोळसा आठवला. लाकडाला टणक करणारं लिग्निन मोडायची विद्या बुरशांना नव्हती, म्हणून पूर्वीची जंगलं न कुजता कोळसा झाली, अशी एक गोष्ट वाचायला फार छान वाटते. लिग्निन पुरतं फोडणारी बुरशी साधारण 29 कोटी वर्षांपूर्वी आली असा अंदाज आहे. पण आपला वणी-चंद्रपूरचा कोळसा पर्मियन काळातला, म्हणजे त्या सुमाराचा आणि त्यानंतरचाही. बुरशी आल्यावरही कोळसा होतच राहिला. कारण ती झाडं दलदलीत, पाण्याखाली गाडली गेली. विहिरीतल्या जांभळाच्या कड्यासारखी. मला ही काकांची बाजू जास्त पटते.

दोन वर्षांपूर्वी, मृगाच्या आधीच्या वादळात आंबा पडला. ढोलीपाशीच मोडला. बाबांचा फोन आला, "पडला," एवढंच म्हणाले.

मी गेलो तेव्हा वरचा भाग संत्र्याच्या दोन झाडांवर आडवा होता आणि ढोली उभी चिरून उघडी पडली होती. इतक्या जवळून सुताराचं घर मी कधी पाहिलं नव्हतं. तोंडातून आडवी गेलेली, मग एकदम खाली वळलेली, कोपरापर्यंत हात जाईल एवढी खोल खोली. आतल्या भिंतीवर चोचीचे बारीक चरे, रंध्याच्या नव्हे, टाकीच्या खुणांसारखे. तळाला लाकडाचे नुसते कपचे. सोनपाठी गवत-कापूस काही अंथरत नाही, कपच्यांवरच अंडी घालतो. पण कपच्यांवर आणखी थर होते: वाळलेलं गवत, सापाची कात, गुटख्याची पुडी, निळ्या पॉलिथिनचा तुकडा. म्हणजे साळुंक्या राहून गेलेल्या. भाडेकरूंचे थर. पोपट, पिंगळा, नीलपंख, सगळे असल्याच घरांच्या शोधात असतात. आमच्या गच्चीवरून सातपुड्याची रांग दिसते, तिकडे मेळघाटात रानपिंगळा आहे, जो 1884 नंतर कुणाला सापडला नव्हता आणि 1997 साली शहाद्याजवळ पुन्हा दिसला. तोही ढोलीतच घर करतो. त्याच्या पुनर्भेटीवर पुष्कळ लिहून आलं. ढोलीच्या आतल्या कामगारावर ओळभरही नाही.

मोडलेल्या तोंडाशी लाकूड पाहिलं. बाहेरचा चार बोटं थर घट्ट, तांबूस. आत पांढुरकं, दोरेदार, चिमटीत धरलं की शेवयांसारखं सुटणारं. आणि त्या पांढऱ्यात काळ्या रेघा, पेनानं काढल्यासारख्या, नागमोडी. मी बोट फिरवत बसलो. या रेघा म्हणजे एका बुरशीनं शेजारणीच्या विरोधात घातलेल्या भिंती. एकाच जातीच्या दोन वेगळ्या वाढीसुद्धा भेटल्या तर एकमेकींत मिसळत नाहीत, बांध घालतात. माझा 'संख्या' हा रकाना इतके दिवस रिकामा होता. रेघा मोजल्या तर त्या एका खोडात निदान तीन हिस्सेदार दिसत होते. धुऱ्यावरून भाऊबंदकी आमच्याच गावात होते असं नाही.

बाबा मागे येऊन उभे होते. मी त्यांना होळीची जागा दाखवली. सोललेल्या चिंधीचा व्रण अजून ओळखू येत होता, कडेनं फुगलेलं लाकूड, मधे काळं तोंड.

"मले माहीत हाय," ते म्हणाले. "तुले वाटलं मी इसरलो? तवापासूनच सल धरली होती तिनं." मग संत्र्याच्या मोडलेल्या फांद्यांकडे वळून, "बोर्डो लावा लागते आज. घरी मोरचूद हाय का पाह्य."

एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. आम्ही दोघांनी दुपारभर मोडलेल्या संत्र्यांना निळी पेस्ट फासली. शिगोचं म्हणणं मी सांगितलं नाही. संत्र्याचा डिंक्या रोग वेगळा, त्याचा कर्ता दिसतो बुरशीसारखा पण बुरशी नव्हे, आणि त्याच्यावर बोर्डो खरंच चालतं.

आंब्याचं घट्ट लाकूड सरपणाला गेलं. पोकळ ओंडका कुणी नेला नाही, जळताना नुसता धूर करतो म्हणाले. तो विहिरीजवळ लोटून ठेवला, बाबा दुपारी त्याच्यावर बसतात. कान त्याच्या कुशीला तसाच होता, पण ओंडका आडवा झाल्यामुळे कान उभा झालेला, एखाद्या कपाटाच्या उघड्या दारासारखा.

यंदा पोळ्याला गेलो तेव्हा बाबांनी हाक मारली. "हे पाह्य बरं."

जुन्या काळ्या टापेच्या खालच्या काठाला नवा ओठ फुटला होता. पिवळसर, मखमली, बोटाएवढा रुंद. पण तो जुन्या कानाच्या दिशेनं वाढला नव्हता. काटकोनात वळला होता. पुन्हा जमिनीला समांतर, छिद्रं पुन्हा बरोबर खाली, भुकटी सरळ पडावी अशी.

बाबा वाकून पाहत राहिले. त्यांनी नख लावून पाहिलं, मग हात मागे घेतला.

"झाड आडवं पडलं हे याले कसं समजलं?"

निंबावर सोनपाठी ठोकत होता. त्यांनी ढेकूळ उचललं नाही. वही मी अमरावतीलाच विसरून आलो होतो.